पाटीवरचं साल

कासमने पवनचक्कीच्या मधल्या खांबावर तळहात टेकला आणि लगेच मागे घेतला. लाकडाला कुणीतरी चकचकीत वार्निश फासलं होतं. मुशी माशाच्या तेलावर पोसलेल्या सागवानाची ही दशा बघून त्याच्या कपाळावर आठी चढली.

"अब्बा, फोटो काढू? मागे समुद्र छान दिसतोय," सिदरा म्हणाली.

"समुद्र बघायला नाय आणली तुला."

शुक्रवारी तो कायमचा रत्नागिरीला परतणार होता. सत्तावीस वर्षं त्याने ओमानमधल्या सूर बंदरात गलबतं बांधली, आणि बांधलेलं प्रत्येक गलबत दर्यात निघून गेलं. लेकीला हात लावून दाखवावं असं जागेवर राहिलेलं काम हे एकच. म्हणून मस्कतच्या शाळेत शिकवणाऱ्या सिदराला त्याने रजा काढायला लावली होती. काय दाखवायचंय ते मात्र हॉटेलमागच्या या टेकडीवर पोचले तरी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात हॉटेलचा गाईड पाच-सहा पाहुण्यांना घेऊन आत आला. छातीवरच्या बिल्ल्यावर 'उत्तम' असं मराठमोळं नाव होतं. त्याने दारावरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं आणि झोकात इंग्रजी झाडलं: सन सतराशे नव्वद, जुन्या खलाशांनी धान्य दळायला बांधलेली चक्की.

कासमच्या डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षांपूर्वी फायबरच्या होड्या आल्या, काम थंडावलं, तेव्हा अर्बाबने, त्याच्या अरब मालकाने, मोडीत काढलेल्या गलबताचं लाकूड त्याच्यापुढे टाकलं होतं. हॉटेलसाठी जुनी वाटेल अशी चक्की बांध म्हणाला. कासमने कागदावर एक रेघ न ओढता, गलबत बांधावं तशी नजरेच्या मापाने ती उभी केली. 'जुनी वाटेल' म्हणजे 'तुझी नव्हे', हे त्याला आज कळलं.

"ही मी बांधलीय," तो मराठीतच ओरडला. "आठ वर्सं झाली."

उत्तम हसला. "चाचा, तुमच्या पणजोबांनी बांधली असेल."

पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी तेही हसले.

"अब्बा, प्लीज. सगळे बघतायत." सिदरा उत्तमकडे वळली. "सॉरी हं. वय झालंय त्यांचं."

परक्याचं हसणं एकवेळ गिळता येतं. लेकीचं ते सॉरी कासमला गिळता येईना. तो दाराकडे निघाला.

पण दारातून बाहेर पडता येईना. एरवी चक्कीची शिडं गुंडाळून बांधलेली असत. आज फोटोसाठी उत्तमने ती सोडली होती. दुपारचा वारा सुटला, शिडं फुगली आणि चाकाची पाती दारासमोरून सपासप फिरू लागली. खांब करकरायला लागला. उत्तमने हाताला येईल तो दोर ओढला, तो तुटून त्याच्या हातात आला.

"चाचा, थांबवता येईल का हो?"

"दोनशे वर्सांमागं बांधली त्याला बोलव!"

खांब पुन्हा करकरला आणि कासमला ते ऐकवेना. शिव्या घालत तो खांबामागच्या अंधारात वाकला, न बघता खांद्यापर्यंत डावा हात आत घातला. चाक अडवणारी खुंटी त्याला शोधावी लागली नाही. तो डावखुरा, डाव्या हाताला येईल अशीच त्याने ती बसवली होती, म्हणून आठ वर्षांत कुणाला सापडली नव्हती. त्याने मुठीने ती ठोकली. चाक आचके देत थांबलं.

सिदरा त्याच्या हाताकडे बघत राहिली.

घाम पुसत उत्तमने पाहुण्यांना सांगून टाकलं की बघा, दोनशे वर्षांनीही ब्रेक शाबूत आहे. टाळ्या पडल्या. मग तो कासमजवळ येऊन कुजबुजला,

"चाचा, ती खुंटी कुठं आहे ते दाखवून ठेवा ना. पुन्हा असं झालं तर?"

कासम काही बोलायच्या आत सिदरा मध्ये येऊन उभी राहिली.

"आधी पाटीवरचं साल बदला," ती म्हणाली. वर्गात चढावा तसा तिचा आवाज चढला होता. "आणि खाली यांचं नाव घाला. मग दाखवतील."

"मॅडम, ते काय माझ्या हातात आहे?"

"शुक्रवारी सकाळचं विमान आहे त्यांचं," सिदराने अब्बांच्या डाव्या हाताला लागलेली धूळ ओढणीने पुसली. "तोवर बघा."