हात तिचा, वही त्यांची

मित्रांनो, माझ्या पोटात साठ आकडे मावतात आणि त्यांतला एकही खोटा नसतो. तरीही माझ्या डोळ्यांदेखत एका घराचा घात झाला. मी रक्तदाब मोजायची एक जुनी मशीन आहे. कोपरे झिजलेत, पट्ट्याची पकड सैल झालीय. सांगायचंय ते आज सांगून टाकते.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. कुणी इवलासा पंप बसवला, कुणी काच. शेवटी तपासणीच्या बाईंनी माझा पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "खरं बोल हं." एवढीच माझी शाळा.

एका लेकीनं मला आपल्या आईबाबांसाठी पाठवलं. आई बालवाडीत शिकवायच्या, बाबा बस चालवायचे. पहिले आठ दिवस माझं कोण कौतुक! शेजारपाजारचे बाह्या वर करून रांगेत बसायचे. मग मी खणात गेले, सुया-दोऱ्यांच्या डब्यामागे. चार वर्षं अंधारात काढली.

मग एके दिवशी खण उघडला. बसच्या कचेरीतल्या तपासणीत बाबांचा दाब चढा निघाला होता. हृदयाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "दवाखान्यात पुष्कळांचा दाब भीतीनंच चढतो. घरचा आकडा खरा. रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसा, मोजा, वहीत लिहा. मीठ कमी, चालणं रोज, गोळी चुकवायची नाही. महिन्यानं वही आणि मशीन घेऊन या. मग गाडी चालवायचा दाखला देते."

पहिल्या सकाळी मी बाबांच्या दंडावर सांगितलं, एकशे अडुसष्ट, एकशे दोन. त्यांचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षं स्टिअरिंग हातात आणि निवृत्तीला दोनच राहिलेली. "हे दाखवलं की डेपोत हजेरी लिहायला बसवतील मला," ते पुटपुटले.

दुसऱ्या सकाळी ते आईंना म्हणाले, "जरा तुझा हात दे."

"अहो, लग्नात मागितलात तो पुरला नाही का?" आई हसल्या आणि त्यांनी हात दिला. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर. बाबांनी आपल्या वहीत लिहिलं. मग रोज तेच. आई बालवाडीच्या चालीत गुणगुणायच्या:

*हात माझा, आकडा त्यांचा,*
*वहीत शेरा शहाण्यांचा!*

मी काय करणार? मला दंड कळतो, नाव कळत नाही.

पाचव्या दिवशी आईंच्या ठोक्यांचा ताल चुकला. दोन घाईघाईचे, एक हरवलेला, मग तीन एकदम. माझ्या काचेवर एक बारीकसं हृदयाचं चिन्ह आहे, ते अशा वेळी लुकलुकतं. मी जीव तोडून लुकलुकले.

"हे काय चमकतंय?" आई म्हणाल्या.

"बॅटरी उतरली असेल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी नवी बॅटरी घातली. मी पुन्हा लुकलुकले. कितीतरी सकाळी लुकलुकले. आईंना जिन्यात धाप लागायची, छातीत धडधडायचं. "पोरांमागे धावून दम लागणारच," त्या म्हणायच्या. मला ओरडावंसं वाटे, मित्रांनो. पण मला फक्त आकडे येतात.

महिना भरला. डॉक्टरबाईंनी माझी बटणं दाबून साठवलेले आकडे पाहिले आणि त्या थबकल्या. "काका, सतरा वेळा ठोके अनियमित आलेत. हृदयाचा वरचा कप्पा असा थरथरला की आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर झटका येतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर एक मिनिटही दवडायचं नाही. आधीच कळलं तर रक्त पातळ करायच्या गोळीनं बराचसा धोका टळतो." त्यांनी लगेच बाबांचा ईसीजी काढला. ठोके अगदी नेमाचे! त्या चक्रावल्या. "मग ही मशीनची चूक का?"

बाबांना सगळं उमगलं होतं. त्यांनी मला टेबलावरून उचलून मांडीवर घेतलं. बोला, बाबा. एकदा तरी बोला!

"जुनी आहे हो," बाबा म्हणाले. "बिघडली असेल."

"मग चार दिवस थांबा. दुसरी मशीन लावून बघू, मगच दाखला."

घरी येताना ते मला पिशवीवरून चाचपत राहिले. "चारच दिवस," स्वतःशीच म्हणाले. "दाखला मिळाला की दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येतो."

तिसऱ्या सकाळी आई बालवाडीला निघाल्या होत्या. चपलेत पाय घालताना भिंतीला टेकल्या. काहीतरी सांगू लागल्या, पण तोंडातून शब्दांचा नुसता लगदा आला. उजवा हात लोंबत होता. बाबांनी पाणी पाजलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. मला पिशवीत कोंबलं, आईंना उचललं आणि मोठं हॉस्पिटल गाठलं.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ठोके आधी कधी अनियमित होते?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी मला टेबलावर ठेवलं. "गोळी नाही. पण पहिला आकडा सोडला तर यातले सगळे तिचे आहेत," ते म्हणाले. "मी माझे म्हणून लिहिले. तीन दिवसांपूर्वी मला कळलं होतं."

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून आई वाचल्या. उजवा हात अजून उठत नाही. शब्द परतले नाहीत. बाबांनी कचेरीत जाऊन स्वतःच गाडी चालवणं सोडलं. आता रोज सकाळी ते आईंच्या डाव्या हाताला पट्टा बांधतात, मग स्वतःच्या. दोन वेगळ्या वह्या आहेत. आई त्यांच्याकडे एकटक बघतात. रागावतात की माफ करतात, ते बाबांना कळत नाही आणि विचारलं तरी उत्तर येत नाही.

मित्रांनो, मला फसवणं फार सोपं आहे. कुणाचा हात, हे मी विचारत नाही. म्हणून आज घरी गेलात की मोठ्यांच्या शेजारी बसा, त्यांचा पट्टा तुम्ही बांधा, आकडा मोठ्यानं वाचा. ती माणसं हसून टाळतील, विषय बदलतील. टाळू देऊ नका. मला हात नाहीत, मित्रांनो. असते तर ते जोडूनच हे सांगितलं असतं.