सोडलेले मासे

कोंडीबा भोई फाटकाशी आला तेव्हा बाहुबली आण्णा ओसरीवर बसून तुटक्या चपलेला तार ओवत होते. एवढ्या वर्षांत कोंडीबा मासा घेऊन ह्या दारावरनं कधी गेला नव्हता. जैनाचं घर, त्यांना वास नको, म्हणून तो ओढ्याकडच्या बांधानं वळसा घालायचा. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज मात्र त्याच्या मुठीत हातभर लांबीचं काळं धूड लोंबत होतं आणि त्याची शेपटी फुफाट्यात घासत होती.

"आण्णा, भाईर या. तुमचा पाव्हणा आलाय."

आण्णांनी मान वर केली आणि लगेच फिरवली. "कोंडीबा, अरं दारात काय आणलंयस हे? शुद्धीत हाईस का?"

"आत येत न्हाई. फाटकाभाईरच हाय. तुमी या आन् वळखा."

"मी काय वळखू मासं?"

"ह्यो तुमीच वळखायचा. तुमीच आणलाता."

दिवस कासराभर वर आला होता. मासा पहाटेच धरलेला, तरी त्याचे कल्ले हलत होते. चपटं डोकं, ओली काळी कातडी आणि तोंडाभोवती लांब लांब मिशा. आण्णांनी ओळखलं. पायातली चपल तशीच टाकून ते फाटकापर्यंत आले आणि दोन हात अलीकडं थांबले.

"मांगूर," ते म्हणाले.

"मांगूर. भाईरच्या मुलखातला. काल एक चिरला तर पोटात वामीचं पिल्लू. दुसरा चिरला तर शिंगटी. आख्खी, काट्यासकट. बोरजाईच्या तळ्यात काय न्हवतं, सांगा! मरळ व्हती, वाम व्हती, शिंगटी, खवली, दगडाबुडी मुऱ्या. सरकारी कटला-रोहू येगळाच. आता जाळं टाकलं की निस्ती चिलापी आन् ह्ये बेणं. चिलापी तरी काटक, ती ह्येला पुरून उरली. बाकीच्यांचं वाटोळं झालं, आण्णा."

"मी जीव मारायला सोडलं न्हवतं रं."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर गप व्हतो. पर आता घरची लीला म्हणती, जाळं इका आन् पलूसला कंपनीत वाचमनकी करा. ह्या वयात शिट्टी फुकत बसू व्हय मी?"

तळ्यात हे मासे कसे आले ते गावाला ठाऊक होतं, कारण आले तेव्हा गावानं नारळ फोडला होता. दोन सालामागं गुणमालाकाकींच्या काळजाचं मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी काही बोलायलाच नकार दिला होता. आण्णांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मनात बोलून घेतलं, ही उठली तर मरणाच्या दारातले जीव सोडवीन. काकी उठल्या. पर्युषणात आण्णा टेम्पो घेऊन बाजारात गेले. जन्मात पहिल्यांदा मच्छीच्या गल्लीत शिरले, नाकाला उपरणं लावून. सगळीकडं बर्फावर मेलेले मासे. त्यांना काय सोडवणार? गल्लीच्या टोकाला एका टपात मात्र वळवळ होती. "ह्ये मरत न्हाई, काका. पाणी नसलं तरी जगतंय," विकणारा म्हणाला होता. आण्णांना तो शुभशकुनच वाटला. त्यांनी टपच्या टप घेतला आणि बोरजाईच्या पाझर तलावात नवकार म्हणत ओतला. त्या दिवशी कोंडीबा काठावर होता. त्यानंही हात जोडले होते.

जिवंत तेवढंच मिळालं होतं. आणि जे मरत नव्हतं, तेच सगळ्यांना मारत सुटलं.

"आता काय करावं म्हणतोस?" आण्णांनी विचारलं.

"तळं आटलंय. बांधाच्या मोरीपाशी डबकं ऱ्हायलंय तेवढंच. समदा मासा तितं गोळा झालाय. पर ह्ये बेणं जाळ्यात घावत न्हाई, चिखलात घुसतंय. डबकं उपसलं तरच गावंल. आन् तळ्यावर मोटर तुमचीच. पाणी तुमच्या शेततळ्यात टाका, चांगला मासा बी तितंच ठेवू. मांगूर तेवढा मी बघतो."

"बघतो म्हंजी?"

कोंडीबानं हातातला मासा थोडा वर उचलला.

"न्हाई जमायचं," आण्णा म्हणाले. "जीव मारायला माझी मोटर चालायची न्हाई."

"आन् न्हाई चालली तर मरत न्हाईत व्हय जीव? रोज मरत्यात. तुमाला दिसत न्हाईत एवडंच. वळीव एकदा धो धो पडला की तळं भरंल, सांडवा चालू हुईल, आन् तुमचा पाव्हणा वड्यानं येरळंत जाईल. मग कृष्णामाईत. तवा कुटं कुटं मोटर लावू?"

तो मासा घेऊन बांधानं निघून गेला. फुफाट्यात शेपटीची एक रेघ राहिली. आण्णांनी ती खराट्यानं पुसली, तरी त्यांना ती दिसतच राहिली.

त्या दिवसापासून आण्णांचा पाय एका जागी ठरेना. बागेत गेले तर ड्रिपची नळी हातात धरून उभे राहत आणि कशाला धरली ते विसरत. बस्तीत देवदर्शनाला गेले तर माळेचे मणी पुढं सरकत, मन तळ्यावर. तळ्यावर गेले तर डबक्यात मध्येच बुडबुडा येई, काळं तोंड वर येऊन वारा घेई आणि आत जाई. पश्चिमेला ढगांचे ढीग रचले जात होते. मातीच्या ढेकळाला हात लावला तर चटका बसत होता.

मोटर चालू करायची नाही म्हणाले ते धर्मासाठी, असं गाव समजलं. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनानं घेतलं होतं की त्या जिवांचं आयुष्य हिला लागलंय. ते आहेत तोवर ही आहे. चुलीपुढं गुणमालाकाकी जरा खोकल्या तरी आण्णा हातचं काम टाकून आत येत. जिना चढून त्या दम घ्यायला थांबल्या की हे तळाशी उभे.

"काय बघताय टकाटका?" काकी एकदा म्हणाल्याच. "नवी नवरी हाय व्हय मी?"

"दम लागला काय तुला?"

"साठीला आल्यावर जिना चढून दम लागणार न्हाईतर काय नाच सुचणार? आवं, काय झालंय तुमाला? बशीत च्या गार हुतोय, साय धरतीया. कोंडीबानं काय सांगितलं ते समद्या गावाला ठावं हाय, माझ्यापासनंच चोरून ठेवा."

आण्णांनी बशी बाजूला सारली. मग सगळं बोलून टाकलं. दवाखान्याचा जिना, मनातलं बोलणं, टप आणि भीती.

काकींनी ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं. "म्हंजी माझा जीव त्या मिशावाल्याच्या पोटात हाय म्हणा की."

"चेष्टा करू नगंस."

"चेष्टा कुटली? मला वाटलं मी देवाच्या आन् डाक्टरच्या किरपेनं उठले. आता कळलं, मांगरानं उठीवलं." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "रोज किती पिल्लं खात्यात म्हणं ती?"

"कोण मोजणार?"

"मग तेवढ्या समद्यांचं आयुष्य घिऊन मी जगतीया. आसलं जगणं मला पचंल व्हय, आवं? मी संध्याकाळचं दिवा लागायच्या आत जेवती, पाण्यात किडा जाऊ नये म्हणून गाळून पिती, आन् माझ्या नावानं तळ्यात कत्तल चाललीया."

"पाप लागंल, गुणमाला."

"लागू दे. निम्मं माझं. ऑपरेशन बी माझंच हुतं की."

त्या उठल्या, खुंटीवरची जुनी सुती साडी घेतली आणि चपला घालून तळ्याची वाट धरली. आण्णा मागनं "अगं, अगं" करत गेले. ऊन असं की डोळे उघडत नव्हते. कोंडीबा डबक्यापाशीच होता. मोटारीच्या खोलीशी पोचल्यावर काकींनी साडी त्याच्या हातात दिली. "भावजी, फुटबालाला, पाणी वढायच्या तोंडाला, चारी बाजूनं गुंडाळा. बारकं पिल्लू बी आत वढलं जाता कामा नये." कोंडीबा साडीकडं बघतच राहिला. मग चिखलात उतरला. काकींनी नवकार म्हटला आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं.

डबकं उतरू लागलं तशी माणसं जमली. लीलाबाई पातेली, बादल्या घेऊन आली. फौजेतनं आलेला हंबीरराव सुभेदार टॉवेल डोक्याला बांधून काठावर हुकूम सोडू लागला. "शिस्तीत! लाईन लावा! दुश्मन डावीकडं, आपलं जवान उजवीकडं!"

"सुभेदार, तोंडानं लढाई न्हाई हुत. उतरा खाली," लीलाबाई म्हणाली.

"माझं गुडघं, वैनी—"

"गुडघं पेन्शनला गेल्यात व्हय?"

सगळे हसले. सुभेदार उतरला आणि पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतला.

आण्णा काठावर बादली धरून उभे होते. कोंडीबा एकेक मासा हातात घेऊन ओळख करून द्यायचा. "ही खवली. ही वाम, सापावाणी दिसती पर बिचारी गरीब. ही शिंगटी, काटा जपा, लय ठणकतोय. हिला बी मिशा हायत्या बघा."

"मिशा हायत्या? मग मांगूर का न्हवं?"

"मिशीवरनं माणूस वळखता का तुमी? कातडी बघा. ही चंदेरी, त्यो काळा गुळगुळीत."

एक दंडाएवढी मरळ बादलीत पडली. तिच्या मागं पाण्यात लालसर ठिपक्यांचा घोळका वळवळत होता.

"आरं, ह्ये काय?"

"पिल्लं तिची. दोगं आईबाप राखत बसत्यात. पिल्लांसंगं आसलेली मरळ आमी धरत न्हाई. बापानं सांगितलंय."

"मरळ काय खाती रं?"

"मासंच खाती."

आण्णांचा चेहरा पडला. "मग तिच्यात आन् ह्येच्यात फरक काय?"

"फरक एवडाच, ती खात आली तरी तळं ऱ्हायलं. हजार वर्सं. ह्येनं दोन सालात रिकामं केलं."

आण्णा खाली वाकले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जिवंत मासा हातात धरला. ओंजळीत पिल्लं घेतली, बादलीत सोडली, आणि पुन्हा वाकले. धोतर चिखलानं भरलं, उपरणं कुठं पडलं ते कळलं नाही. शेततळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पलीकडं बांधाच्या आडोशाला कोंडीबा आणि त्याचे भावबंद काठ्या घेऊन होते. तिकडनं थप्प थप्प आवाज येई, तसे आण्णा डोळे मिटत आणि ओंजळ घट्ट करत.

ऊन कलायला लागलं तेव्हा चिखल उघडा पडला. शेवटचा मांगूर लव्हाळ्यातनं सरपटत निघाला आणि नेमका आण्णांच्या पायाशी येऊन थांबला. वारा घेत होता. आसपास कुणी नव्हतं. शेततळ्याला जाणारी बादली हातात होती.

आण्णांनी वर बघितलं. मोटारीच्या खोलीच्या सावलीत काकी बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. त्याही आण्णांकडंच बघत होत्या. खूण केली नाही, हाक मारली नाही.

"कोंडीबा," आण्णांनी हाक मारली. "एक हितं ऱ्हायलाय."

त्यानंतर कित्येक दिवस आण्णा पहाटे उठून आधी काकींच्या अंथरुणाकडं बघत. एकदा काकींनी डोळे न उघडताच म्हटलं, "हाय अजून. जावा, दूध काढा."

शेततळ्याचा आणखी एक घोर लागला. प्लास्टिकच्या काठावर बगळे येऊन बसू लागले. मासे वाचवावेत तर बगळा उपाशी, बगळा जगवावा तर मासा गेला. आण्णा काठी घेऊन निघत आणि अर्ध्या वाटेतनं परत येत. शेवटी काकींनीच वर जाळी बांधून घेतली. "बगळ्याला लांब तळी लय हायती, त्याला पंख दिल्यात देवानं," त्या म्हणाल्या.

पाऊस चांगला झाला. तळं भरलं. मासे परत नेऊन सोडायचं ठरलं तेव्हा आण्णा अडून बसले. "म्हंजी मी जगवायचं आन् तू जाळं टाकायचं, आसंच की न्हाई?"

"आसंच," कोंडीबा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मी भोई हाय. पर चढणीचा मासा, अंड्यावरचा, ह्यो भोई औंदा धरायचा न्हाई. आन् वड्यात काठ्या घिऊन येणाऱ्या गावाला बी मी आडवा पडीन. लीलाची आन!"

तो खरोखर आडवा पडला. ओढ्याच्या बंधाऱ्यावर दोन दिवस भिजत उभा राहिला, शिव्या खाल्ल्या, एकाला पाण्यात ढकललंही.

गौरी-गणपती गेल्यावर कोंडीबा पुन्हा फाटकाशी आला. हातात बादली होती. "आण्णा, जाळ्याचा पयला मासा. तुमचा वाटा."

"माझा वाटा?"

"पुण्य करायचं आसंल तर बाजारात जाऊ नगासा. दर वर्साला पयला जिता मासा हितं आणीन. हितलाच, हितंच सोडा."

बादलीत मरळ गोल फिरत होती. काकी ओसरीवरनं ओरडल्या, "आधी कातडी बघा, मग पुण्य करा!"

दोघं तळ्यावर गेले. आण्णांनी बादली कलती केली. मरळ क्षणभर काठाशी थांबली आणि काळ्या पाण्यात शिरली. आण्णांनी हात जोडले.

तेवढ्यात लांब, मोरीच्या बाजूला, एक बुडबुडा फुटला. काहीतरी वर आलं, वारा घेतला, आत गेलं.

"कोण रं त्ये?"

"मरळ आसंल," कोंडीबा म्हणाला. "ती बी वर यिऊन वारा घेती."

"आसंल म्हंजी?"

कोंडीबानं खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं आणि आण्णांच्या शेजारी उकिडवा बसला. दोघंही पाण्याकडं बघत राहिले, ते पुन्हा वर यायची वाट बघत.