एका मैदानाची दोन मैदानं

आजवर माझ्यावर उभं राहून गावानं भाषणं केली. आज मी बोलतोय, तुम्ही बसा. मी एक मैदान. अडीच एकर, थोडं उताराचं, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाच्या मधोमध. गावाचं नाव सांगत नाही, कारण वामनरावांची पेन्शन अजून मंजूर व्हायची आहे.

पूर्वी इथं जिनिंगचा कारखाना होता आणि माझ्या अंगावर सरकीचे ढीग पडत. ढीग इतके उंच, की वर चढलेल्या माणसाला शेगावच्या स्टेशनात शिरणारी गाडी दिसे. नजर जरा बरी असली तर गाडीत कोण बसलंय तेही. पुढे कारखाना बंद पडला, सरकी गेली, नाव राहिलं. दक्षिणेकडच्या पिंजारगल्लीतले लोक मला सरकीचं मैदान म्हणत राहिले. उत्तरेच्या टोकाला चिंचेचं एक झाड होतं, म्हणून तिकडचे मला चिंचेचं पटांगण म्हणत. झाड रस्तारुंदीत गेलं. तेही नाव राहिलं.

माझ्यावर सभा झाल्या, कुस्त्या झाल्या. एका दंगलीत हरलेल्या पहिलवानाची पाठ अशी आदळली, की देऊळघाटच्या एका विहिरीचं पाणी हललं. लोक एकच विहीर सांगतात, मी दोन मोजल्या. पण खरं विचाराल तर मला तेव्हाही काही वाटलं नाही. जन्म पायाखाली गेला की कातडी जाड होते. दुखत नाही, गुदगुल्याही होत नाहीत.

माझ्या कडेला नगरपालिकेची कचेरी आहे. तिची एक खिडकी माझ्यावर उघडते आणि खिडकीत वामनराव बसतात. एकतीस वर्षं परवानग्यांचं टेबल. माझ्यावर कोणी, कधी, काय करायचं ते त्या टेबलावर ठरे. कसं ठरे, ते टेबलालाही कळत नसे.

पिंजारगल्लीत कौसरबाई राहतात. दिवसा शिवणकाम करतात, संध्याकाळी अकरा पोरींना कबड्डी शिकवतात. गल्लीतच. गल्ली एवढी अरुंद, की चढाईला गेलेली पोर समोरच्या घरात शिरायची, तिथलं पाणी पिऊन परत यायची, तरी तिचा दम टिकलेला असायचा. कौसरबाईंना माझ्यावर मुलींचे सामने भरवायचे होते. त्यासाठी त्यांनी सहा वर्षं दरसाल अर्ज केला.

"बाबूजी, माह्या अर्जाचं काय झालं?"

"फाईल वर हाय, कौसरबाई."

वामनराव कोणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हे. कुणाचा तरी फोन यायचा आणि कौसरबाईंचा कागद गठ्ठ्यात खाली जायचा, एवढंच. चहात बिस्कीट बुडवावं तसा त्यांचा हात ते आपोआप करी. हाताला काही वाटत नसे, वामनरावांनाही नाही. या बाबतीत आम्ही दोघं सख्खे भाऊ.

मग मागच्या वर्षी यंत्र आलं. कार्यक्रमाचे अर्ज मोबाईलवरून करायचे आणि कचेरीच्या ओसरीत भला मोठा टीव्ही लावायचा. अर्ज कोणाचा, कोणत्या मैदानाचा, किती वाजता आला, कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, मंजूर की रद्द आणि कोणत्या कारणानं, सगळं त्या टीव्हीवर. समोरच चहाचं दुकान असलेल्या रहेमतुल्ला चाचांनी त्या दिवसापासून पेपर बंद केला.

गावातल्या मैदानांची यादी यंत्रात भरायचं काम वामनरावांकडे आलं. त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं. त्यात माझी दोन्ही नावं होती. त्यांनी दोन्ही भरली. त्या दुपारी गाव अडीच एकरांनी वाढलं आणि कोणाच्या बांधाला धक्काही लागला नाही.

कौसरबाईंनी सरकीच्या मैदानासाठी अर्ज केला. तारीख मोकळी दिसली, आठ दिवसांत यंत्रानंच मंजुरी दिली. अविनाशभाऊ म्हणून गावातले एक कार्यकर्ते आहेत. त्यांना स्वतःचा भव्य अभीष्टचिंतन सोहळा करायचा होता. त्यांनी अकरा दिवसांनंतर चिंचेच्या पटांगणासाठी अर्ज केला. रविवार तोच. यंत्रानं पाहिलं, दोन वेगळी मैदानं आहेत. त्यालाही मंजुरी. दोन्ही परवानग्या टीव्हीवर एकाखाली एक झळकत होत्या. उत्तरेकडचे आपली ओळ वाचत, दक्षिणेकडचे आपली.

सामन्यांना दहा दिवस उरले असताना कौसरबाई शिवणाची टेप घेऊन माझ्यावर आल्या आणि वाकून वाकून मोजू लागल्या. तेवढ्यात अविनाशभाऊ मंडपवाल्याला घेऊन आले.

"काय आपा, मैदानाले झबलं शिवता का?"

"कबड्डीचं आखून राह्यली, भाऊ. सामने हायेत. परवानगी आली."

"परवानगी तं माही आली. चिंचेचं पटांगण."

"माही सरकीच्या मैदानाची हाय."

दोघांनी मोबाईल पुढे धरले. दोन्हीकडे हिरवी खूण. रहेमतुल्ला चाचा किटली घेऊन आले, दोन्ही मोबाईल पाहिले आणि म्हणाले, "दोघंबी खरं बोलून राह्यले. या मैदानात असं पह्यल्यांदाच झालं."

वरात वामनरावांच्या खिडकीशी गेली. वामनरावांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला. मी एकच आहे हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं.

"एक नाव काढा लागंन," ते म्हणाले. "नाव काढलं की त्याच्यावरचा अर्ज आपोआप रद्द होते."

"माहा अर्ज अकरा दिवस आधीचा हाय, बाबूजी. टीव्हीवर टाईम लिहेल हाय."

"हाव. पाहतो."

कौसरबाई गेल्या. पोरींना नवे टी-शर्ट शिवून झाले होते, बाहेरगावच्या सात संघांना निरोप गेले होते. या वेळी नाही जमलं तर अकरातल्या चार पोरी पुढच्या वर्षी गल्लीत नसणार, त्यांची लग्नं ठरत आली होती. टेप गुंडाळताना कौसरबाईंचा हात थांबला, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी वामनरावांचा फोन वाजला. खिडकीतून मला एकच बाजू ऐकू आली. "हो भाऊ. हो. हो भाऊ. ठेवतो."

वामनरावांनी 'सरकीचं मैदान' या नावावर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, कारण लिहा. आता या माणसानं आयुष्यभर फाईलच्या डाव्या पानावर टिपणं लिहिलेली, जी लिहिणाऱ्यानंतर फक्त वाळवी वाचते. त्यांनी खाली मान घालून सवयीनं लिहिलं: 'श्री. अविनाशभाऊ यांच्याशी दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार.' आणि चहाला उठले.

ते चाचांच्या दुकानाशी पोचायच्या आत ओळ टीव्हीवर आली. कौसरबाई, अर्ज रद्द. कारण, वामनरावांच्या शब्दांत, जसंच्या तसं. भर बाजारात.

चाचांनी ती वाचली. मग मेथी विकणाऱ्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी पुन्हा वाचली. मग धाड गावाच्या जीपमधून उतरलेल्यांसाठी तिसऱ्यांदा. माझं ऐकाल तर त्या दिवशी बाजारातली वांगीसुद्धा टीव्हीकडे तोंड करून बसली होती. कोणी ओरडलं नाही. नुसते वाचत होते.

अविनाशभाऊ दाढी करायला बसले तर न्हावी म्हणाला, "भाऊ, आमचीबी एक चर्चा करून द्या ना. नळाले चार दिवस झाले पाणी नाही."

दुकानात, पारावर, बसथांब्यावर, जो तो भाऊंना फोन नंबर मागू लागला. पोराच्या नोकरीची चर्चा, सोयाबीनच्या भावाची चर्चा. तिसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतःच सोहळा रद्द केला. कारण: 'प्रकृती अस्वास्थ्य.' तेही टीव्हीवर आलं. मग लोक प्रकृतीची विचारपूस करायला घरी जाऊ लागले, ते वेगळंच.

कौसरबाई कचेरीत आल्या. आवाज चढला नाही.

"सहा वर्षं तुम्ही म्हणत होते, फाईल वर हाय. वर म्हंजे कुठं, ते पाह्यलं बाबूजी."

वामनरावांनी टेबलावरचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, "मी काय लिहून राह्यलो, ते मले लिहितानी समजलंच नाही. लय वर्षांपासून समजत नाही."

रद्द झालेला अर्ज यंत्रात जिवंत होत नाही. कौसरबाईंनी तिथंच उभ्या राहून नवा अर्ज केला, चिंचेचं पटांगण या नावानं. त्यांचे वडील माझ्यावर सरकी वाहून म्हातारे झाले होते. नाव निवडताना त्यांचं बोट दोनदा मागे आलं, मग टेकलं.

एकदा रद्द झालेल्या कार्यक्रमाला यंत्र आपणहून मंजुरी देत नाही, तिलाही कारण लागतं. वामनराव चौकटीसमोर बसून राहिले. कोणाचा फोन नव्हता, कोणाशी चर्चा नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं: 'मैदान मोकळं आहे.' आणि स्वतःच ओसरीत जाऊन ते टीव्हीवर वाचून आले.

रविवारी सामने झाले. तारखेचं डळमळलं म्हणून सातपैकी चारच संघ आले. देऊळघाटच्या पोरी आल्या नाहीत. कौसरबाईंच्या पोरी दुसऱ्याच सामन्यात हरल्या. गुडघे फुटले, चुना केसांत गेला. लग्नं ठरत आलेल्या चारही पोरी शेवटपर्यंत खेळल्या. संध्याकाळी वामनराव कडेकडेनं आले.

"आनंद झाला असंन, कौसरबाई."

"पाय दुखून राह्यले, बाबूजी. बसू द्या."

त्या खाली बसल्या. थोड्या अंतरावर वामनरावही बसले, चांगल्या पँटीसकट. एकतीस वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा टेकले. मला विशेष काही वाटलं नाही. पण दोघांचं वजन कुठं कुठं पडलं होतं, ते मला अजून सांगता येतं.

आता यादीत माझं एकच नाव आहे. पिंजारगल्लीतले दुसऱ्या नावानं हाक मारतात, मी ओ देतो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की मी मोकळा असलो तर मोकळा आहे असं लिहीत जा. येत्या रविवारी आहे. पाहून घ्या.