ब्राह्मीचं पारणं

ब्राह्मी चाळिशीची, पण समज सहा वर्षांच्या पोरीची. निपाणीत लोक तिला येडी म्हणायचे, आणि तसं कुणी म्हटलं की तिची थोरली वहिनी प्रेमला त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. सन छत्तीसच्या थंडीत न्हाऊ घालताना ब्राह्मीच्या छातीत गाठ लागली ती प्रेमलाच्याच हाताला. तिनं नणंदेला मोटारीत घातलं आणि थेट बेळगावच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर दत्तोपंतांनी कॅन्सर सांगितला. कापून काढायचा, पण क्लोरोफॉर्म द्यायला पोट रिकामं हवं. तिथंच घोडं अडलं. पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मालुबाईनं केळं दिलं, ब्राह्मीनं ते गट्ट केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पदरात चिरमुरे निघाले. दोन्ही वेळा ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं.

"आणखी लांबलं तर गाठ काखेत उतरेल, मग माझ्या हातात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "हिला बांधून ठेवू का?"

"बांधायला ती काय म्हस हाय?" प्रेमला फणकारली.

फणकारता फणकारताच तिला सुचलं. उपाशी राहा म्हटलं की ब्राह्मीला शिक्षा वाटायची. पण जैनांच्या घरातला चतुर्दशीचा उपास तिनं जन्मात घोटभर पाण्यानंही मोडला नव्हता. एवढं साधं दोन दिवस डोक्यात येऊ नये म्हणजे शर्थच झाली.

तिनं ब्राह्मीचा हात गाठीवर ठेवला. "ही वाईट हाय. उद्या तू झोपलीस की डॉक्टर काढून टाकनार. म्हणून उपास धरायचा. मी बी धरते."

"व्हय?" ब्राह्मी खुलली. उरलेले चिरमुरे तिनं आपणहून मालुबाईला देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी गाठ मुळासकट निघाली. ते ऐकून प्रेमला आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली.

पारण्याला तिनं मुगाचं कढण आणलं. तेवढ्यात दत्तोपंत जखम बघायला आले. ब्राह्मीनं वाटी तोंडाशी नेली आणि थांबली.

"वैनी, पैलं त्यास्नी."

"अगं, ते डॉक्टर हायत."

"उपास सोडताना दारात आलेल्याला आदी द्यायचं. त्येंचं त्वांड बघ की, किती सुकलंय."

खरंच, ऑपरेशनांच्या गडबडीत त्यांच्या पोटात कालपासून चहाशिवाय काही नव्हतं, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बारा वर्षांच्या डॉक्टरकीत रोग्याच्या हातचं काही न घेतलेले दत्तोपंत स्टूल ओढून बसले आणि वाटी रिकामी केली.

"अजून आहे?" त्यांनी लाजत विचारलं.

"हाय की," ब्राह्मी म्हणाली, "पर आता माझी पाळी."