तळाला ठेवलेला काढा

मी फवाऱ्याची बाटली बोलतेय. लाल तोंडाची, पोटाला जरा चेपलेली. आधी मी न्हाव्याकडे होते. चार केसांत टक्कल झाकायची माणसांची धडपड मी जवळून पाहिली आहे. न्हाव्याने नवी बाटली आणली आणि मला शेजारच्या भाजीवालीला देऊन टाकलं. ती माझी मालकीण.

तिच्या दुकानात रडगाणं एकच, भाजी सडते. भाजीला खरचटलं की डोळ्यांना न दिसणारे जंतू आत शिरतात. गर मऊ पडतो, पाणी सुटतं, घाण वास येतो. एक सडलं की शेजारच्यालाही घेऊन बुडतं.

खाणावळीचा आचारी तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एकदा तो तणतणत आला. "मावशी, आणखी एक गोणी बुळबुळीत निघाली तर मी दुसरं दुकान धरेन. मग रुसायचं नाही."

"रुसायला तू काय माझा जावई आहेस?" मालकीण म्हणाली. पण तो गेल्यावर उरलेल्या गोण्या उपसून पाहू लागली. तो तुटला तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

उपाय सुनेने काढला. लसूण ठेचून पाण्यात भिजवायचा, लवंगा उकळायच्या, दोन्ही गाळून माझ्यात भरायचं. सडकी भाजी आधी फेकायची, कारण सडलेल्याला मी काही बरं करत नाही. चांगलीवर फवारायचं आणि वाऱ्यावर सुकवायचं. कोबी कडक राहू लागला. मालकीण खूश.

मग पुन्हा सड लागली. कारण माझ्याच पोटात होतं. मालकीण मला पूर्ण रिकामी करायचीच नाही. तळाला जुना काढा ठेवायची आणि त्यावर नवा ओतायची.

"आई, जुना ओतून द्या ना," सून म्हणाली.

"विरजण कुणी ओतून देतं का? जुन्यानेच नवं मुरतं. दही मी लावते या घरात, मला शिकवू नकोस."

आता दह्याची रीत काढ्याला लागते होय? ठेचलेल्या लसणाचा जोर ताजा असेपर्यंतच. शिळ्या काढ्यात जंतूच सुखाने नांदतात. तेच पाणी मी भाजीवर मारत होते. मला तोंड आहे, पण दाबल्याशिवाय उघडत नाही!

सून भांडली नाही. तिने एक गाजर मधोमध कापलं. एका तुकड्यावर मला दाबलं, दुसऱ्यावर ताजा काढा शिंपडला आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत झाकून ठेवले. दोन-तीन दिवसांनी डबे सासूपुढे मांडले.

मालकिणीने पहिला तुकडा दाबला. बोट आत गेलं. दुसरा टणक होता. तिने माझं तोंड उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"हे मी खाणावळीला पाठवत होते?"

सून डबे आवरू लागली.

"हसलीस तर बघ."

"हसले नाही, आई."

"मनात हसलीस."

तिने मला मोरीत पालथं केलं आणि उकळत्या पाण्याने घासलं.

पुढची गोणी गेली तेव्हा आचाऱ्याने एकेक गड्डा दाबून पाहिला. "मावशी, कोबीला लसणाचा वास येतोय."

"वास धुतल्यावर जातो. सड जाते का?"

त्याने गोणी उचलली. दुसऱ्या दुकानाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता माझा खटका अडकतो, मानेला रबर गुंडाळलंय. एक दिवस मला फेकतील. खुशाल फेका. पण बायांनो, काढा रोज ताजा करा आणि उरलेला ओतून द्या, जीव खालीवर करू नका. आमच्याकडे रोज संध्याकाळी मालकीण मला स्वतः खिडकीत पालथी घालते आणि आत हाक मारते, "ये, बघून जा. थेंब नाही तळाला!"

सून बघायला येत नाही. तिचा विश्वास बसलाय.