निवृत्तीरावांचे एकवीस कच्चे दिवस

मी किसणी बोलतेय. एका कारागिराने पत्र्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मी जन्मले. चिखलीच्या बाजारात कौशल्याबाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं, "चावरी हाय," म्हणाल्या आणि पिशवीत टाकलं.

पुढची अकरा वर्षं मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून काढली. तव्याला दिवसातून दोनदा काम असे. मी मात्र चतुर्थीच्या बटाट्याची वाट पाहायची.

मग मागच्या नोव्हेंबरात निवृत्तीराव बुलढाण्याला गेले. निवृत्तीराव म्हणजे कौशल्याबाईंचे यजमान, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. पेन्शनीसाठी तिथल्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायचा होता. आपण जिवंत आहोत हे सांगायला ते दोन जिने चढले आणि वर पोचल्यावर त्यांना अशी धाप लागली, की बाबू खुर्ची सोडून उठला.

"काका, आधी बसा," तो म्हणाला. "दाखल्याचं मंग पाहू."

घरी हे सांगताना निवृत्तीराव हसले नाहीत. चार दिवस मोबाइलवर कुणाकुणाची भाषणं ऐकून पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून एकवीस दिवस शिजवलेलं काहीच खाणार नाही मी. समदं कच्चं."

"काऊन? माह्या भाकरीनं काय घोडं मारलं तुमचं?"

"भाकरीनं नाही वं. जिन्यानं."

अशा रीतीने माझे दिवस आले. सकाळी गाजर, दुपारी काकडी आणि बीट, संध्याकाळी दुधी. दुधी कच्चा खाताना निवृत्तीरावांचा चेहरा वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यासारखा होई; पण ते ताट पुसून खात. मटकीला मोड आणायचे, शेंगदाणे भिजवायचे, भाज्या तीन पाण्यांनी धुवायच्या. घरातला स्वयंपाक निम्मा झाला आणि कौशल्याबाईंचं काम दुप्पट. निवृत्तीराव बाजेवर बसून किती दिवस झाले आणि किती उरले ते मोजत. मोजणी बिनचूक असे.

सातव्या दिवशी कौशल्याबाई घाईत बीट किसत होत्या. मी त्यांच्या अंगठ्याला चावले. बीटच असल्यामुळे रक्त कोणतं ते आधी कळलंच नाही. तीन टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस हात ओला करायचा नाही.

निवृत्तीरावांनी स्वतःपुरतं गाजर किसलं आणि अर्धं ताट बायकोपुढे सरकवलं.

"हे मले?" कौशल्याबाईंनी विचारलं. "जिना तुम्ही चढले होते. मी तं घरीच होती."

मग गॅस पेटला. कौशल्याबाई स्टुलावर बसून सांगत होत्या आणि कच्चं खाणारे निवृत्तीराव ज्वारीचं पीठ मळत होते. पहिली भाकरी हातातच तुटली. दुसरी तव्यावर पडली, पण घडी होऊन. तिसरीला कौशल्याबाई भाकरी म्हणाल्या. घरभर खमंग वास सुटला. ज्याने ती केली, त्याला ती खायची नव्हती. मी बाजूलाच होते. त्यांनी आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

"वरणात मीठ नाही," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी चाखू कसा? तू चाखून पाह्यतं काय रोज?"

"नाही. दुसऱ्या हाकेबिगर तुम्ही उठत नाही, अन् तुमचं झाल्यावर मी बसतो. तव्हा समजते, कमी हाय का जास्त. तोवर समदं थंडं होऊन जाते."

निवृत्तीरावांनी गॅस बारीक केला. मग ते मिठाचा डबा घेऊन कौशल्याबाईंजवळ येऊन बसले.

एकवीस दिवस त्यांनी पुरे केले. वजन तीन किलो उतरलं. दाखला वर्षभर चालतो, त्यामुळे जिन्याचं काय ते अजून ठरायचं आहे. बाविसाव्या दिवशी त्यांनी भाकरी कुस्करली, ठेचा घेतला आणि पहिल्याच घासाला डोळे पुसले. ठेचा तिखट होता.

मला वाटलं, आता मी पुन्हा खिळ्यावर. तसं झालं नाही. संध्याकाळची एक वाटी कीस राहिली आणि तो करायचं काम निवृत्तीरावांकडेच राहिलं. ते सावकाश किसतात. माझी तक्रार नाही. फक्त धुतल्यावर मला कोरडी पुसा. भोकांपासूनच गंज धरतो.

आता सात वाजलेत. निवृत्तीरावांनी दोन ताटं मांडली आहेत. कौशल्याबाई बाहेर ओट्यावर शेजारच्या तानाबाईंशी बोलत बसल्या आहेत.

"अवं, ये जेवाले!" त्यांनी आतून हाक मारली. "थंडं होऊन राह्यलं!"

बोलणं थांबलं, म्हणजे ऐकू गेलं आहे. पण कौशल्याबाई उठलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या हाकेची वाट पाहत आहेत.