न उघडणारी फाइल

"प, फ, ब, भ... भ का? बरं, भ. पुढचं?"

सिस्टर पुठ्ठ्यावर लिहिलेल्या अक्षरांवरून बोट सरकवत होती. हवं ते अक्षर आलं की खाटेवरचे टेलरकाका उजवा अंगठा हलवायचे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचं तेवढंच हलत होतं. दोन-तीन अक्षरं झाली आणि ते दमून डोळे मिटून पडले.

शेजारच्या खाटेवर मावशी होती. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून भाची भेटायला आली होती. भाचीला राहवेना.

"सिस्टर, यासाठी कॉम्प्युटरवर सोय असते ना? एक बटण दाबायचं, कॉम्प्युटर बोलतो."

"होती की, ताई! 'बोलका' म्हणून फुकटचा प्रोग्राम होता. काका त्यावर गप्पा मारायचे, माझ्या शिवणकामाला नावंसुद्धा ठेवायचे. मग कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्त करून परत टाकायला गेले, तर नवी फाइल काही केल्या उघडेना. जुनी प्रोग्रामवाल्यांनी काढून टाकलेली."

'बोलका' भाचीचाच होता. वडिलांची वाचा गेली तेव्हा तिने तो त्यांच्यासाठी लिहिला होता. ते गेल्यावर सगळ्यांसाठी खुला करून टाकला. दिवसभर विमा कचेरीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात तो सांभाळायचा. मध्यंतरी तिने प्रोग्रामची फाइल तयार करायची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत फाइल बरीच लहान व्हायची, मात्र जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नसे. जाणकारांनी पाठ थोपटली, तशी हुरूप येऊन तिने जुन्या फाइलीही झाडून टाकल्या.

"मग विचारलं नाहीत त्यांना?" तिने कसंबसं म्हटलं.

"विचारलं ना, त्यांच्या वेबसाइटवर. म्हणाले, ही अडचण आमची नाही, मशीन बदला. खाली कुणीतरी हसण्याचं चित्रही टाकलं होतं. आता इथं नवं मशीन कोण देतंय? पण त्यांचंही बरोबर असेल हो. फुकट देतात बिचारे."

'बिचारे' हा शब्द तिला चपराकीसारखा लागला. चहा पिता पिता तिने ते उत्तर खरडलं होतं. चित्र पाहून स्वतःही हसली होती.

मावशीला सगळं ठाऊक होतं. ती कौतुकाने काही बोलणार तोच भाचीने तिचा हात दाबला. मग लॅपटॉप घेऊन ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. जुन्या पद्धतीने फाइल तयार करायला प्रोग्राममधली एक ओळ बदलावी लागली. चहा निवायच्या आत झालं असतं, एवढंच काम. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती.

पेनड्राइव्ह घेऊन ती आत आली. कोपऱ्यातला धुळकट कॉम्प्युटर कुरकुरत सुरू झाला. फाइल उघडली.

"अय्या! तुम्हाला कसं जमलं?"

"सिस्टर, ते उत्तर..." तिला मान वर करवेना. "ते मीच लिहिलं होतं. प्रोग्राम माझा आहे."

सिस्टरने कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली.

"बसून करा, ताई. वाकून पाठ दुखेल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटरला जोडलेलं बटण काकांच्या अंगठ्याखाली ठेवलं. पडद्यावर अक्षरं सरकू लागली. काका घाई करत होते, चुकत होते, पुन्हा मागे येत होते. शेवटी कॉम्प्युटर सपाट आवाजात बोलला,

"खिडकी लावा."

"अगंबाई! अहो काका, तुम्हाला बाहेरचं दिसावं म्हणून मी रोज मुद्दाम उघडून ठेवते!"

अंगठा पुन्हा हलू लागला.

"थंडी वाजते. रोज."

सिस्टरने तोंडाला पदर लावला. भाची उठली. काकांच्या खाटेजवळची खिडकी तिने ओढून घेतली, खिट्टी लावली, आणि काचेकडे तोंड करून बराच वेळ तशीच पाठमोरी उभी राहिली.